सुरमईच्या तुकडीपासून सुरुवात करा: पाठीचा कणा असलेले प्राणी ओळखायला शिकताना

दहावी-अकरावीची पोरं माझ्याकडे बायो विचारायला येतात तेव्हा एक गोष्ट दरवेळी दिसते, पृष्ठरज्जू, चेतारज्जू, कल्लाविदरे हे सगळं धडाधडा म्हणून दाखवतात पण समोर एखादी मुशी (म्हणजे शार्क) किंवा पाल ठेवली आणि विचारलं की बाबा यातलं काय कुठे आहे ते दाखव, की गप्प. त्यांची चूक नाही, त्यांना कोणी दाखवलेलंच नसतं. आणि हा विषय तर असा आहे की त्याचं अर्धं सामान आपल्या मासळी बाजारात आणि घराच्या भिंतीवरच असतं. म्हणून मी ज्या क्रमाने शिकवते त्याच क्रमाने इथे लिहितेय, परीक्षेसाठी वाचत असाल तरी चालेल आणि नुसती आवड म्हणून वाचत असाल तर अजूनच छान.

सामान फार काही लागत नाही. एक वही, साधं भिंग, मोबाईलचा टॉर्च आणि सकाळी लवकर मासळी बाजारात एक चक्कर. तुम्ही मासे खात नसाल तरी जा, बघायला काही हरकत नाही, गर्दी कमी असताना गेलात आणि नीट विचारलंत तर मावशी स्वतःहून मासा उलटा करून दाखवतात.

पायरी १: नावावर जाऊ नका

देवमासा मासा नाही. तारामासा तर नाहीच नाही, त्याला कणाच नसतो. जेलीफिशलाही नाही. देवगांडूळ हे गांडूळ नाही, खवले मांजर हे मांजर नाही. आपल्या लोकांनी ही नावं दिसण्यावरून ठेवली आणि ती सुंदर आहेत, पण वर्गीकरण करताना प्राणी दिसतो कसा आणि राहतो कुठे हे प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचे. आधी विचारायचं आत काय आहे, मग कातडीवर काय आहे, मग अंडं कसलं आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच तीन प्रश्नांभोवती फिरतात.

पायरी २: सुरमईची तुकडी हातात घ्या

ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे, त्यामुळे इथे जरा वेळ काढणार आहे.

कच्ची तुकडी ताटात आडवी ठेवा. मधोमध गोल हाड दिसेल, तो एक मणका. त्या गोलाच्या वरच्या बाजूला म्हणजे माशाच्या पाठीकडे हाडाची छोटी कमान असते आणि त्या कमानीत एक भोक. टाचणीने हळूच टोकरलंत तर भोकातून पांढरा मऊ दोरा बाहेर येतो. तोच चेतारज्जू, म्हणजे मेंदूपासून शेपटीपर्यंत जाणारी मज्जातंतूंची मुख्य नस. तुकडी शेपटीकडची असेल तर मणक्याच्या खालीही तशीच एक कमान दिसते, पण तिच्यात दोरा नाही, लालसर रक्त असतं कारण तिथून रक्तवाहिनी जाते. वर नस, खाली रक्त, मध्ये हाड.

आता तो मणका नीट बघा. माशाचा मणका दोन्ही बाजूंनी खोलगट असतो, अगदी डमरूसारखा. दोन डमरू एकमेकांना टेकले की मध्ये पोकळी राहते आणि त्या पोकळीत पारदर्शक जेलीसारखं काहीतरी असतं, जेवताना आपण काट्याबरोबर टाकून देतो ते. ती जेली म्हणजे पृष्ठरज्जूचे अवशेष. मासा अंड्यात असताना आधी पाठीत एक लवचिक दांडी तयार झाली, तीच पृष्ठरज्जू, तिच्याभोवती मणके बनत गेले आणि दांडी आक्रसून फक्त मधल्या फटींमध्ये उरली.

आपल्यातही ती उरलेली असते. घरातलं कोणी म्हणतं ना, माझी मणक्यातली गादी सरकली, त्या गादीच्या मध्यभागी जो मऊ गर असतो तो आपल्या पृष्ठरज्जूपासूनच आलेला असतो. म्हणजे सुरमईच्या काट्यातली जेली आणि आजीच्या कमरेचं दुखणं या दोन्हींचं मूळ एकच. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी किती वेळ नुसती त्या तुकडीकडे बघत बसले होते.

एक गोंधळ इथेच मिटवून टाका, पृष्ठरज्जू आणि पाठीचा कणा एक नाहीत. पृष्ठरज्जू ही आधीची लवचिक दांडी, कणा म्हणजे तिच्या जागी आलेली मणक्यांची माळ. आणि चेतारज्जू तिसरीच गोष्ट, ती नस. ही तीन नावं तीन रंगांनी वहीत काढा, परीक्षेतले अर्धे मार्क इथेच जातात.

पायरी ३: शेजारी कोळंबी ठेवा

समपृष्ठरज्जू म्हणजे पृष्ठरज्जू असलेले प्राणी, त्यांच्या मुख्य खुणा चार. आयुष्यात कधी ना कधी पृष्ठरज्जू असते, तिच्या वर म्हणजे पाठीकडे पोकळ चेतारज्जू असते, घशाच्या बाजूंना कल्लाविदरे म्हणजे फटी असतात किंवा निदान त्यांची सुरुवात तरी होते, आणि गुदद्वाराच्या मागे खरी शेपटी असते. "आयुष्यात कधी ना कधी" हे शब्द फार महत्त्वाचे, कारण बऱ्याच प्राण्यांत या खुणा फक्त गर्भात असतात आणि नंतर जातात किंवा बदलतात. माणसाची शेपटी गर्भात दिसते, नंतर आत माकडहाड तेवढं राहतं. आपल्या घशाच्या बाजूचे कप्पे कल्ले कधीच होत नाहीत, त्यातल्या पहिल्यापासून कान आणि घसा जोडणारी नळी बनते. सर्दीत कान दडतात ते तिच्यामुळेच.

आता कोळंबी का, तर साफ करताना तिच्या पाठीतून जो काळा दोरा काढतो ना, खूप जणांना वाटतं ती नस आहे. ती नस नाही, ते आतडं आहे. कोळंबीची नस पोटाकडून जाते, तीही पोकळ नाही, भरीव. आणि तिचं हृदय पाठीकडे असतं. सुरमईत बरोबर उलटं, नस पाठीकडे, आतडं आणि हृदय पोटाकडे. एका ताटात दोघी शेजारी ठेवून मुलांना दाखवा, पुन्हा कधी विसरणार नाहीत.

शेपटीचंही असंच. विंचवाची नांगी शेपटी वाटते पण त्याची शी ची जागा नांगीच्या पार टोकाशी, डंखाच्या जरा आधी असते, म्हणजे ती शेपटी नव्हे, ते पोटच लांब झालेलं. बांगडा बघा, गुदद्वार पोटाखाली कुठेतरी मध्येच असतं आणि त्याच्या मागे मणके आणि स्नायूंची मजबूत शेपटी, तिच्यावरच तो पोहतो.

पायरी ४: कणा नसलेले आपले नातेवाईक

अशा दोन गटांवर पुस्तकात दोन ओळी असतात म्हणून पोरं सोडून देतात, पण हे सोडलं तर पूर्ण विषयच अधांतरी राहतो.

पहिले पुच्छसमपृष्ठरज्जू, उदाहरण हर्डमानिया. मोठं झाल्यावर हे दगडाला, जेटीच्या खांबाला, बोटीच्या तळाला चिकटून बसलेली चामड्याची पिशवी वाटते, एका तोंडातून पाणी आत आणि दुसऱ्यातून बाहेर, बस. पूर्वी लोक त्यांना शिंपल्यांच्या जवळचे समजायचे. मग १८६६ साली अलेक्झांडर कोवालेव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने त्यांच्या पिल्लांचा अभ्यास मांडला आणि दिसलं काय, तर पिल्लू छोट्या बेडूकमाशासारखं पोहतं, त्याच्या शेपटीत पृष्ठरज्जू आहे आणि पाठीकडे चेतारज्जूही आहे. जागा मिळाली की ते डोक्याकडून चिकटतं, शेपटी शोषून घेतं आणि पृष्ठरज्जू गायब. पृष्ठरज्जू फक्त शेपटीत, म्हणून नाव पुच्छसमपृष्ठरज्जू.

दुसरे शीर्षसमपृष्ठरज्जू, उदाहरण अँफिऑक्सस. पाचेक सेंटिमीटरचा, दोन्हीकडे निमुळता, जवळजवळ पारदर्शक प्राणी, उथळ समुद्रात वाळूत अर्धा रुतून बसतो. याच्यात पृष्ठरज्जू शेपटीपासून थेट डोक्याच्या टोकापर्यंत जाते आणि जन्मभर राहते. कवटी नाही, मणके नाहीत, जबडा नाही. १७७४ मध्ये पल्लास या निसर्गशास्त्रज्ञाने त्याला पहिल्यांदा नाव दिलं ते गोगलगायीच्या जातीतली एक शेंबडी अळी समजून. चारही खुणा एका पूर्ण वाढलेल्या प्राण्यात एकाच वेळी बघायच्या असतील तर याचं चित्र काढा, वर्गीकरणातलं सगळ्यात प्रामाणिक चित्र तेच आहे.

यांच्यानंतर उरतात ते पृष्ठवंशी, म्हणजे डोक्याला कवटी आणि पाठीत मणके.

पायरी ५: जबडा आहे का?

नसेल तर चक्रमुखी. लॅम्प्रे आणि हॅगफिश. गोल चोखणारं तोंड, अंगावर खवले नाहीत, जोडीचे पर (पोहायचे पंख) नाहीत, सांगाडा कास्थीचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक. लॅम्प्रे थंड प्रदेशातले, आपल्या बाजारात दिसणार नाहीत, फोटो बघून पुढे चला.

पायरी ६: मुशी की बांगडा

परत बाजारात. मुशी किंवा तिची छोटी भावंडं, काही ठिकाणी मोरी म्हणतात, समोर असेल तर तीन गोष्टी करा. एक, मानेच्या बाजूला उघड्या पाच फटी मोजा, त्यांच्यावर झाकण नसतं. दोन, अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवा, पॉलिश पेपरसारखं लागतं, कारण तिचे खवले दातासारखे बारीक आणि मागे वळलेले असतात. तीन, मावशींना कापताना काटा दाखवायला सांगा, तो सुरीने सहज कापला जातो, कारण ते हाड नाही, कास्थी आहे, आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तीच. हे कास्थीमत्स्य. पाकटही यांच्यातलाच, फक्त चपटा, आणि त्याच्या पाच फटी बघायला त्याला उलटा करावा लागतो.

आता बांगडा. गालावरचं झाकण उचला, आत लालभडक कंगव्यासारखे कल्ले, झाकण एकच, सांगाडा हाडाचा. हे अस्थिमत्स्य. पापलेट, सुरमई, रावस, हलवा, रोहू, कटला, सगळे यातले. पापलेट तर २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्य मासा आहे.

आणि बोंबील? इथे दहातली आठ पोरं कास्थीमत्स्य म्हणतात कारण तो इतका मऊ. नाही, बोंबील अस्थिमत्स्य आहे. त्याच्या मांसात पाणी फार असतं म्हणून तो लुसलुशीत, पण झाकण उचलून बघा, बांगड्यासारखंच आहे. सुकलेला बोंबील मोडून बघा, पाणी गेल्यावर बारीक काटा स्पष्ट दिसतो. वाम सापासारखी लांब असली तरी तिला कल्ले आणि पर आहेत, ती मासाच.

अजून एक, मुशी थेट पिल्लं देते. आपल्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या स्कोलिओडॉन या मुशीचं पिल्लू तर आईच्या पोटात वारेसारख्या जोडणीतून पोषण घेतं. घोणसही पिल्लं देते. म्हणून "पिल्लं देतो म्हणजे सस्तन" हे वाक्य आजपासून वहीतून खोडून टाका.

पायरी ७: कातडी ओली की कोरडी

उभयचर आणि सरपटणारे यांच्यात जे घोळ होतात ते कातडीवर हात न फिरवता नुसतं बघूनही सुटतात. बेडकाची कातडी ओलसर, खवले नाहीत, तिच्यातून तो श्वासही घेतो म्हणून ती सुकून चालत नाही. भेकाची जरा कोरडी आणि खडबडीत असते पण खवले तिच्यावरही नाहीत. पाल, सरडा, सापसुरळी, साप, यांच्या अंगावर कोरडे खवले.

पाल आणि सॅलॅमँडर यांचे फोटो शेजारी ठेवले तर आकार अगदी सारखा, चार पाय, लांब शेपटी. पण सॅलॅमँडर उभयचर आहे, त्याच्या बोटांना नखं नाहीत, कातडी ओली. महाराष्ट्रात सॅलॅमँडर नाहीत, भारतात त्यांच्या गटातले प्राणी दार्जिलिंग आणि ईशान्येच्या डोंगरांत मिळतात, त्यामुळे तुमच्या बाथरूममध्ये जे आहे ती पालच.

खरा फरक मात्र अंड्यात आहे. बेडकाची अंडी म्हणजे जेलीतले काळे ठिपके, कवच नाही, पाण्याबाहेर सुकतात, त्यातून कल्ले असलेले बेडूकमासे निघतात. सरपटणाऱ्यांच्या अंड्याला चिवट किंवा टणक कवच आणि आत गर्भाभोवती पाण्याची पिशवी. थोडक्यात त्यांनी आपलं डबकं अंड्यातच बरोबर नेलं आणि जमिनीवर कुठेही राहायची सोय झाली. पक्ष्यांना तीच पिशवी, आपल्यालाही तीच, बाळंतपणात पाण्याची पिशवी फुटली म्हणतात ती हीच. समुद्री कासव आयुष्य पाण्यात काढतं तरी मादीला अंडी घालायला कोकणातल्या वेळाससारख्या किनाऱ्याच्या वाळूवर चढून यावंच लागतं, कारण त्या अंड्याला हवा लागते, पाण्यात ते गुदमरेल. कासव सरपटणारं का हे या एका गोष्टीवरून कळतं.

आता देवगांडूळ. पावसाळ्यात सह्याद्रीत दगड किंवा पालापाचोळा हलवला की कधीकधी दिसतं, लांबट, चकचकीत, अंगावर गांडुळासारखी वलयं, पाय नाहीत. लोक गांडूळ म्हणतात नाहीतर सापाचं पिल्लू समजून मारतात, याचं मला फार वाईट वाटतं. त्याला जबडा आहे, दात आहेत, पाठीत मणके आहेत, म्हणजे गांडूळ बाद. कातडी ओली, बाहेरून सापासारखे खवले दिसत नाहीत, म्हणजे साप बाद. ते बिनपायाचं उभयचर आहे. आंबोलीतून २००३ साली यांची एक नवी जात नोंदली गेली, इतके ते आपल्या पायाखाली आहेत आणि इतके दुर्लक्षित. दिसलं तर फोटो काढा, दगड होता तसा परत ठेवा.

सापसुरळीला काही जण सापच समजतात, नीट बघा, छोटे पाय असतात, डोळ्याची पापणी मिटते आणि कानाचं भोक दिसतं. सापाला पापणी नाही आणि कानाचं भोकही नाही. साप लांबूनच बघायचा, फोटोवरून खात्री करायची, जवळ जायचं नाही.

पायरी ८: पिसं

ही सगळ्यात सोपी, पिसं असतील तर पक्षी, आज जिवंत असलेल्या दुसऱ्या कुठल्याच प्राण्याला पिसं नाहीत. उडतो की नाही याचा संबंध नाही, शहामृग आणि पेंग्विन पक्षीच. एवढं मात्र करा, कोंबडीचा पाय जवळून बघा, त्याच्यावर चक्क खवले आहेत. मगरीचं हृदयही पक्ष्यांसारखं चार कप्प्यांचं असतं, बाकी सरपटणाऱ्यांचं तीन कप्प्यांचं आणि मधला पडदा अपुरा. मगर पालीपेक्षा कोंबडीची जास्त जवळची नातेवाईक आहे, म्हणून हल्लीचे अभ्यासक पक्ष्यांना सरपटणाऱ्यांच्याच झाडावरची एक फांदी मानतात. परीक्षेत मात्र पुस्तकातले वेगळे वर्गच लिहा, तपासणारे त्याप्रमाणेच मार्क देतात.

पायरी ९: केस आणि दूध

अंगावर केस आणि पिल्लांना आईचं दूध, म्हणजे सस्तन. वटवाघळाला पंख आहेत पण पिसं नाहीत, पंख म्हणजे लांब बोटांमध्ये ताणलेली कातडी, टॉर्चच्या उजेडात बोटांची हाडं दिसतात. खवले मांजराचे खवले आपल्या नखांच्याच पदार्थाचे, पोटाकडे केस, पिल्लू आईच्या शेपटीवर बसून फिरतं आणि दूध पितं. प्लॅटिपस अंडी घालतो तरी दूध पाजतो, म्हणून सस्तन.

डॉल्फिन बघायला मालवण-तारकर्लीला जाल तेव्हा शेपटीकडे लक्ष ठेवा. माशाची शेपटी उभी असते, डावी-उजवी हलते. डॉल्फिनची आडवी असते, वर-खाली हलते, पळणाऱ्या कुत्र्याचा कणा वाकतो तसाच त्याचाही कणा वर-खाली वाकतो. आणि तो दर थोड्या वेळाने वर येतो ते हवा घ्यायला, बोटीवरून तो फुस्स आवाज ऐकू येतो.

वही कशी लिहायची

प्राण्याचं नाव शेवटच्या रकान्यात लिहा. आधी चार रकाने करा: आत काय दिसलं, कातडीवर काय, श्वास कशाने, अंडं की पिल्लू आणि कसलं. जे डोळ्यांनी बघितलं नाही तो रकाना कोरा ठेवा, पुस्तकातून भरू नका. मग वर्ग लिहा आणि समोर "कारण" लिहा, एका ओळीत.

पहिला सराव म्हणून महाराष्ट्राची मानचिन्हं घ्या: शेकरू, हरियाल, पापलेट आणि ब्लू मॉरमॉन फुलपाखरू. तिघांचे वर्ग लागतील, चौथं कुठेच बसणार नाही, ते का बसत नाही हे पायरी ३ च्या कोळंबीवरून लिहून काढा. दुसरा सराव घरात, रात्री ट्यूबलाईटजवळची पाल काचेच्या खिडकीवर पलीकडून आली की तिचं पोट दिसतं, आणि मादी असेल तर पांढुरकी दोन अंडी आतून दिसतात, कवचासकट. वहीत पहिली नोंद तिचीच करा.